फटीची बाजू

बाथरूमच्या ज्या भिंतीला खिडकी नाही, त्या भिंतीला टाइल्स कोणीही लावू शकतो. खाली पट्टी ठोकावी, दोरी धरावी, एकीवर एक टाइल चढवत जावं आणि छताशी उरलेली वेडीवाकडी जागा फॉल्स सीलिंगच्या पोटात घालावी. अशा भिंतीवरून कारागिराची पारख करणं म्हणजे पुरणपोळी जमते का हे बघायला कुकर लावून दाखव म्हणण्यासारखं आहे. खरी पारख खिडकीपाशी होते, आणि खिडकीची चौकट लाकडी असली तर निकालही तिथल्या तिथे लागतो. पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या जुन्या सोसायट्यांतून अशा चौकटी अजून हजेरी लावून आहेत. बिल्डर उदार होता तिथे सागवानी, हिशेबी होता तिथे मलेशियन सालाच्या. आत दुधी काचेच्या लूव्हर्स, त्यांतली एक कधीची गेलेली आणि तिच्या जागी पुठ्ठा. मग एके दिवशी खालच्या मजल्यावरचे लोक छतावरच्या ओलाव्याचे फोटो घेऊन वर येतात आणि बाथरूम तोडायला काढलं जातं. जुन्या पांढऱ्या टाइल्स जातात, नळ जातात, गिझर जातो. चौकट मात्र "चांगली आहे की, राहू दे" या एका वाक्यावर वाचते. माझं म्हणणं असं की यापुढचं काम देखणं व्हायचं असेल, तर टाइल्सची मांडणी खिडकीपासून सुरू झाली पाहिजे, आणि टाइल जिथे लाकडाला भेटते तिथे मुद्दाम फट राखली पाहिजे. पहिल्या कलमाला मिस्त्री हसतो. दुसऱ्याला घरमालकही हसतो.

पहिला आक्षेप घरातूनच येतो. बाथरूममध्ये बघायला येतंय कोण? याचं उत्तर असं की दिवाणखान्यातली भिंत खरं तर कोणीच बघत नाही. तिथे टीव्ही असतो, चहा असतो, पाहुण्यांच्या मुलाचं पॅकेज असतं. अंघोळीची जागा ही घरातली एकमेव जागा आहे, जिथे माणूस रोज मोबाइलशिवाय, वर्तमानपत्राशिवाय आणि बोलायला कोणी नसताना एका भिंतीकडे तोंड करून असतो. उजेड खिडकीतून येतो, त्यामुळे नजरही तिथेच जाते. चष्मा बाहेर राहिलेला असतो, म्हणून दोन मिलिमीटरची चूक दिसत नाही हे मान्य. पण सहा मिलिमीटरची दिसते, आणि अंगाला साबण लागलेला असल्यामुळे उठून जाताही येत नाही. शिवाय भिंतीचा रंग चुकला तर पुढच्या दिवाळीला बदलता येतो. चुकलेल्या टाइलसमोर मुलांची शाळा संपून त्यांची लग्नं होईपर्यंत अंघोळ करावी लागते.

आता चौकट वाकडी आहे, हे टाइल लागेपर्यंत घरात कुणालाच माहीत नसतं. प्लास्टर फार समजूतदार असतं. ते चौकटीच्या कलाने घेतं, इथे जरा जाड होतं, तिथे जरा पातळ, आणि वरून ऑइलपेंटचे चार हात बसले की सगळं सरळच भासतं. टाइलला असली भीडभाड नाही. तिची कड कारखान्यात सरळ झालेली असते आणि मिस्त्रीने ती ओळंब्यात लावलेली असते. तिचा उभा सांधा चौकटीशेजारी उभा राहिला, की चौकट वरपासून खालपर्यंत आठ मिलिमीटर कललेली आहे ही बातमी फुटते. यावर मिस्त्रीपुढे दोन मोह असतात. एक, टाइल्सच थोड्या चौकटीच्या बाजूने कलवायच्या. मग चौकट शोभते आणि सगळी भिंत नशेत दिसते. दुसरा, चौकटीलगतची टाइल तिरकी कापायची. हा उपाय बरोबर आहे, पण एका अटीवर. पावणेतीनशे मिलिमीटर रुंदीच्या तुकड्यात आठ मिलिमीटरचा उतार कुणाच्या बापाला कळत नाही, आणि तीस मिलिमीटरच्या चिंधीत तोच उतार पाचरीसारखा दिसतो. म्हणजे चौकटीचा वाकडेपणा लपणार की मिरवणार, हे तिच्याशेजारी केवढा तुकडा येतो यावर ठरतं. आणि केवढा तुकडा येतो, हे पहिली टाइल कुठे लावली यावर ठरून गेलेलं असतं.

पहिली टाइल आपल्याकडे दाराजवळच्या कोपऱ्यात लागते. का, तर मिस्त्री दारातून आत येतो. दुसरं कारण माझ्या ऐकिवात नाही. पाच फुटांची, म्हणजे १५२४ मिलिमीटरची भिंत घ्या आणि तिच्या बरोबर मधोमध, चौकटीसकट दोन फुटांच्या आसपासची, म्हणजे ६०० मिलिमीटरची खिडकी. टाइल ३०० मिलिमीटर रुंदीची. सांध्यांची किरकोळ मिलिमीटरं हिशेबापुरती सोडून देऊ. डाव्या कोपऱ्यातून निघालात तर एक अख्खी टाइल लागते, मग चौकटीला टेकणारा १६२ चा तुकडा. खिडकीपलीकडे चौकटीला १३८ चा तुकडा, मग एक अख्खी, आणि उजव्या कोपऱ्यात चोवीस मिलिमीटरची एक लांबलचक पट्टी, जी कापताना तीन तुटतात आणि चौथी बसते. आता तीच भिंत, त्याच टाइल्स, पण सुरुवात खिडकीच्या मध्यरेषेवर उभा सांधा धरून करा. सांधे सरकत दोन्हीकडे बरोबर चौकटीच्या कडेला येतात. चौकटीच्या डावीकडे अख्खी टाइल, उजवीकडे अख्खी टाइल, आणि दोन्ही कोपऱ्यांत १६२-१६२ चे सारखे तुकडे. चिंधी गायब. सगळ्याच खिडक्या इतक्या शहाण्यासारख्या वागत नाहीत हे उघड आहे. पण कागदावर हा हिशेब करायला चहा निवण्याइतका वेळ पुरतो, आणि तो केला नाही तर भिंत तोच हिशेब सिमेंटमध्ये करते. आडव्या ओळींबद्दल मिस्त्री म्हणतो, खालून अख्खी टाइल लागलीच पाहिजे. पण बाथरूमच्या जमिनीला नहाणी ट्रॅपकडे उतार असतो, त्यामुळे खालची ओळ तशीही कापावीच लागते. मग ती कापायचीच आहे तर खिडकीच्या सोयीने कापा. खाली आधाराला लाकडी पट्टी ठोकून दुसऱ्या ओळीपासून सुरुवात करायची, आणि खालची ओळ शेवटी.

मांडणी चुकली की दुसरा भोग येतो तो चौकटीच्या कोपऱ्यावर. तिथे टाइलला इंग्रजी एल अक्षरासारखं कापावं लागतं, आणि असली टाइल कापताना नाही तर लावताना, लावताना नाही तर पहिल्या हिवाळ्यात, आतल्या कोपऱ्यातून तिरकी तडकते. यात नशिबाचा संबंध नाही. काटकोनी खाचेच्या कोपऱ्याशी ताण एकवटतो आणि भेग तिथूनच वाट काढते. १९५४ साली ब्रिटिशांची कॉमेट जेट विमानं हवेत फुटली, तेव्हा झालेल्या चौकशीत धातूच्या पत्र्यातल्या झरोक्याच्या कोपऱ्यापाशी भेगेचा उगम सापडला होता, आणि पुढच्या कॉमेटना गोलसर खिडक्या मिळाल्या. बाथरूमच्या खिडकीला ही सवलत मिळालेली नाही. पण तत्त्व तेच वापरता येतं: आतल्या कोपऱ्यावर आधी ड्रिलने छोटं भोक पाडायचं आणि मग दोन्ही बाजूंनी कटर त्या भोकापर्यंतच आणायचा. कोपरा गोल राहतो, भेगेला धरायला टोक मिळत नाही. आपल्याकडे मिस्त्री ग्राइंडर दोन्हीकडून कोपऱ्याच्या पुढे अर्धा इंच नेतो, म्हणजे भेगेला उद्घाटन करून देतो, आणि वर सांगतो की हल्ली टाइल्सच नाजूक येतात.

इथवर वाचून मिस्त्री मूर्ख असतो असं मला म्हणायचं आहे असा कोणाचा समज झाला असेल, तर तो काढून टाकतो. मिस्त्री हिशेबाला पक्का असतो. हिशेबाची रीत चुकीची असते. त्याला पैसे मिळतात चौरस फुटावर. मोकळ्या भिंतीवर तासाभरात जेवढं काम उरकतं, तेवढ्या वेळात खिडकीची एक बाजू होते, आणि खिडकीचं भोक वजा करून त्याला वर कमी पैसे मिळण्याची शक्यता. सरकारी कागद या बाबतीत घरमालकांपेक्षा दयाळू आहेत. बांधकामाच्या मोजमापाचं जे भारतीय मानक आहे, आयएस १२००, त्यात प्लास्टरच्या मोजणीसाठी नियम आहे की अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची खिडकी असली तर तिचं भोक वजा करायचं नाही, आणि तिच्या आतल्या बाजूंचं प्लास्टरही वेगळं मोजायचं नाही. दोन फूट बाय दोन फुटांची खिडकी या मापात आरामात बसते. म्हणजे भोकाची किंमत आणि भोकाभोवतीच्या कष्टांची किंमत सारखीच, असं सरकारने एकदा मान्य केलेलं आहे. घरमालक मात्र टेप घेऊन भोक वजा करतो आणि मग त्याच भोकाभोवती सुबक काम मागतो. खिडकीच्या कडांचे पैसे रनिंग फुटावर वेगळे द्या, आणि बघा मिस्त्रीच्या खिशातून पेन्सिल बाहेर येते की नाही.

आता दुसरं कलम, ज्यासाठी खरं तर हा वकिली अर्ज आहे: फट. टाइल आणि चौकट यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर जागा सोडावी आणि ती सिमेंटने भरू नये, हे ऐकून मराठी माणसाच्या पोटात कालवतं. आपल्याला फट सहन होत नाही. फटीत झुरळ जातं, पाणी जातं, मुख्य म्हणजे शेजाऱ्यांची नजर जाते. म्हणून टाइल लाकडाला घट्ट भिडवायची आणि जे राहील त्यात व्हाइट सिमेंट. व्हाइट सिमेंट हे आपल्या बांधकामातलं प्रायश्चित्त आहे. कुठलीही चूक असो, चिमूटभर मारलं की धुऊन निघते अशी श्रद्धा. पण लाकूड या श्रद्धेत सामील नाही. भाजलेल्या मातीच्या टाइलचं तापमान दहा अंशांनी वाढलं तर सहाशे मिलिमीटरमागे ती मिलिमीटरचा जेमतेम पंचविसावा भाग वाढते. चार इंच रुंद सागवानी फळी मात्र उन्हाळ्याचा कोरडेपणा आणि जुलैतला दमटपणा यांच्यामध्ये सुमारे मिलिमीटरभर फुगते-आकसते. तीही लांबीत नाही, रुंदीत, म्हणजे नेमकी टाइलच्या दिशेने. ऑइलपेंटने हा वेग मंदावतो, थांबत नाही. पावसाळ्यात दारं लागत नाहीत हे ज्या घरात दरवर्षी नव्याने आश्चर्य म्हणून सांगितलं जातं, त्याच घरात बाथरूमची चौकट मात्र स्थिर राहील अशी अपेक्षा असते. चौकट फुगते, व्हाइट सिमेंटला दाबते. चौकट आकसते, सिमेंट टाइललाच चिकटून राहतं आणि लाकडापासून केसाएवढं सुटतं. आता गंमत अशी की उघड्या फटीत शिरलेलं पाणी ओघळून बाहेर येऊ शकतं, पण केसाएवढ्या चिरेत ते केशाकर्षणाने आत ओढलं जातं आणि तिथेच मुक्काम करतं. म्हणजे फट बुजवून आपण पाण्याला भाड्याची खोली बांधून दिलेली असते. चौकटीचे खालचे दोन कोपरे आधी का कुजतात, त्याचं उत्तर या खोलीत आहे.

"तीस वर्षं असंच करतोय साहेब, कुठे तक्रार नाही," हा यावरचा मिस्त्रीचा आक्षेप, आणि त्यात तो खोटं बोलत नसतो. त्याने पाहिलेल्या सगळ्या खिडक्या पैसे घेण्याच्या दिवसाच्या आहेत. चीर पडते दुसऱ्या पावसाळ्यात, आणि तेव्हा त्याचा नंबर बदललेला असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मुळात बाथरूममध्ये लाकूड ठेवायचंच कशाला? पाणी आणि लाकूड यांचं वैर आहे, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. शाळेतल्या पोराला मग ट्रिंकोमाली जहाजाची गोष्ट सांगावी. हे जहाज मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलं आणि १८१७ साली पाण्यात सोडलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे आणि अजून तरंगतं आहे. आपली चौकट त्या मानाने रोज दोन बादल्यांचं पाणी झेलते. लाकडाला पाण्याचं भय नसतं, कोंडलेल्या पाण्याचं असतं. आणि लाकडी जहाजं बांधणाऱ्यांनी फळ्यांच्या सांध्यांत सिमेंट ठासलं नाही. तंतू आणि डांबर भरलं, म्हणजे फळी फुगली तरी दाबलं जाईल आणि आकसली तरी सुटणार नाही असं काहीतरी. त्याचा आजचा बाथरूमी वारस म्हणजे सिलिकॉन. फटीत आधी फोमची बारीक दोरी सरकवायची, म्हणजे सिलिकॉन मागे चिकटत नाही, फक्त टाइल आणि लाकूड या दोघांनाच धरतं आणि रबरासारखं ताणलं जातं. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवायचं, आणि ओलं असतानाच टेप ओढून काढायचा. सिलिकॉन काही वर्षांनी काळं पडतं, बुरशी धरते, हेही खरं. पण ते ब्लेडने काढून नवं भरणं हे एका रविवारचं काम आहे. कुजलेली चौकट काढायला टाइल्स फोडाव्या लागतात, आणि तोवर त्या डिझाइनच्या टाइल्स मोरबीला कुणाला आठवतही नसतात.

राहिला तिसरा आक्षेप, जो इंटिरियरवाले हसत हसत करतात: चौकट फेका, ग्रॅनाइटची लावा आणि आत अॅल्युमिनियमची सरकती खिडकी. चौकट खरोखर कुजली असेल तर माझाही कौल हाच. ग्रॅनाइट आणि टाइल यांचं जमतं, यात वाद नाही. पण ग्रॅनाइट आणि अॅल्युमिनियम यांचं? अॅल्युमिनियम उष्णतेने टाइलच्या तिप्पट-चौपट वाढतं. म्हणून तिथेही इमानदार फॅब्रिकेटर सिलिकॉनचीच नळी काढतो. प्रश्न सुटत नाही, फक्त दोन इंच आत सरकतो, आणि त्याबद्दलचं बिल बाहेर येतं.

यापेक्षा जुन्या सुतारांची युक्ती स्वस्त आणि देखणी होती. चौकटीभोवती लाकडाची एक पट्टी, तिला आता सगळे मोल्डिंग म्हणतात. ती चौकटीला ठोकायची, भिंतीला कधीच नाही, म्हणजे लाकूड हललं की पट्टी त्याच्याबरोबर टाइलच्या अंगावरून सरकते आणि खालची फट झाकलेलीच राहते. टाइल कापताना कड थोडी ओबडधोबड राहिली तर तीही पट्टीखाली. ही लपवाछपवी नाही का? आहे. पण शर्टाच्या शिवणीही आपण आतल्या बाजूलाच ठेवतो. अडचण आहे ती क्रमाची. पट्टी आधी काढायची, मग टाइल, मग पट्टी परत. जुन्या भिंतीवर टाइल चढली की भिंत दीड-दोन सेंटिमीटर पुढे येते आणि चौकट मागे पडते, म्हणून पट्टीखाली तेवढंच लाकूड भरावं लागतं. म्हणजे गवंड्यानंतर सुतार परत यायला हवा. आणि एकदा गेलेला सुतार अर्ध्या दिवसाच्या कामासाठी परत येणं ही घटना इतकी विरळा आहे, की बहुतेक घरांत पट्टी कधी काढलीच जात नाही. टाइल तिच्याभोवती कापली जाते, टाइलची कच्ची लाल कड उघडी पडते, आणि तिच्यावर पीव्हीसीचं बीडिंग चिकटवलं जातं. ते पुढच्या पावसाळ्यात कपडे वाळत घालायच्या दोरीसारखं लोंबतं.

खिडकीच्या खालच्या कट्ट्याबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही, कारण तिथे शास्त्र हरतं. शास्त्र म्हणतं, कट्ट्याला बाथरूमच्या बाजूने किंचित उतार द्या, म्हणजे उडालेलं पाणी चौकटीशी न साचता परत आत पडेल. घर म्हणतं, कट्टा सपाट हवा, कारण त्यावर शाम्पूच्या चार बाटल्या, त्यांतल्या तीन रिकाम्या, एक गंजकं ब्लेड आणि मागच्या दिवाळीच्या उटण्याची पुडी ठेवायची असते. मिस्त्रीला दोघांचं ऐकायचं नसल्यामुळे कट्ट्याचा उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे बरोबर चौकटीकडे जातो.

शेवटी मुहूर्ताचा प्रश्न. फट केव्हा भरायची? ऐन पावसाळ्यात लाकूड जास्तीत जास्त फुगलेलं, म्हणजे फट कमीत कमी. तेव्हा भरलेलं सिलिकॉन उन्हाळ्यात ताणून ताणून फाटायला येतं. मे महिन्यात भरलं तर जुलैत चेपून बाहेर फुगतं. दिवाळीच्या आगेमागे लाकूड मधल्या स्थितीत असतं, तेव्हा भरलं तर दोन्हीकडे सारखं हलायला जागा मिळते. पण महाराष्ट्रात बाथरूमचं काम गणपतीच्या आधी संपवायचं असतं, ही अट कुठल्याही भारतीय मानकापेक्षा कडक आहे. तेव्हा गणपतीत येणाऱ्या पाहुण्यांना चौकटीभोवतीची मोकळी फट दिसणार, हे धरूनच चालावं. हात धुवायला गेलेले एखादे काका तिच्यात बोट घालून बघतील आणि बाहेर येऊन म्हणतील, "इथे थोडं व्हाइट सिमेंट मारून घ्या की!" त्यांना दुसरा मोदक वाढावा. सिलिकॉनची नळी दिवाळीपर्यंत कपाटात राहू द्यावी. आणि कामातून उरलेली व्हाइट सिमेंटची पिशवी मूर्ती घरी यायच्या आधीच कुणाला तरी देऊन टाकावी, कारण काका बोलून थांबतीलच असं नाही.